नजफगढच्या झिलीसाठी एक पत्र

थंडी पडायला लागली की दिल्लीतल्या मराठी घरांत कोकणाचे बेत शिजू लागतात. गुहागर नाहीतर दापोलीकडे समुद्राला लागून एखादं कॉटेज, सकाळी माडाखाली चहा, मुलांच्या गळ्यात दुर्बीण. जरूर जा. पण तिकिटं काढण्याआधी सांगा, द्वारकेहून गाडीनं तासाभराच्या आत, छावल्याच्या पुढे, पलीकडचा काठ धुक्यात हरवावा एवढं पाणी पसरलेलं आहे, ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? ठाण्याच्या खाडीत ज्यांना पाहायला मुंबईकर होडीत बसतात, ते रोहित पक्षी इथंही उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस, थापट्या बदकं, चित्रबलाक, शेकाटे असतात. आणि महाराष्ट्रात ज्याच्यासाठी थेट गोंदिया गाठावं लागतं तो सारस इथं जोडीनं शेतात उभा असतो, जवळजवळ आपल्या उंचीचा.

ही नजफगढची झील. राजस्थानातून, अरवलीच्या डोंगरांतून निघालेली साहिबी नदी हरियाणा ओलांडून इथल्या खोलगट जमिनीत पसरायची. पुराच्या वर्षी दोनशे चौरस किलोमीटरहून अधिक भाग पाण्याखाली जाई, असं जुन्या नोंदी सांगतात. इंग्रज साहेब इथं बदकांच्या शिकारीला येत. पुढं इंग्रजांनीच पाणी यमुनेकडे काढून द्यायला चर खणला, आणि १९६४ च्या पुरानंतर तो आणखी रुंद केला गेला. तोच आजचा नजफगढ नाला. झील जवळपास रिकामी झाली. आज जे पाणी आहे ते त्या मूळ विस्ताराचा लहानसा तुकडा, तोही दिल्ली आणि हरियाणा यांच्या सीमेवर दुभंगलेला. वर गुरुग्रामचं सांडपाणी त्यात येऊन मिसळतं. तरीही पक्षी येतात. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करावं की आपल्या कारभाराची लाज वाटून घ्यावी, कळत नाही.

जवळच्या सुलतानपूरला मात्र नशिबानं हात दिला. नशीब म्हणजे एक पत्र. पीटर जॅक्सन हे रॉयटर्सचे दिल्लीतले वार्ताहर आणि दिल्लीच्या पक्षिनिरीक्षक मंडळाचे सचिव. सुलतानपूरची झील वाचवा, असं त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना लिहिलं. इंदिराजी स्वतः त्या मंडळाच्या जुन्या सभासद, त्यामुळे पत्र योग्य हातात पडलं. १९७१ मध्ये अभयारण्य, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०२१ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव. क्षेत्र दीड चौरस किलोमीटरही नाही, कालव्याचं पाणी सोडून ते भरावं लागतं, पण ते आहे. गावी जाता आलं नाही तर शनिवार-रविवार तिथं काढण्यासारखा.

आता बसई पाहा. आपली वसई नव्हे, गुरुग्रामची बसई. तिथल्या पाणथळीचं नाव महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या जागतिक यादीत होतं. पण यादी म्हणजे कायदा नव्हे. शेजारी बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आला, पक्षिप्रेमी हरित लवादाकडे धावले, आणि दरम्यान बसईची रया गेली. यादीतलं नाव आणि अधिसूचनेतली हद्द यांतला फरक बसईनं दाखवून दिला.

नजफगढच्या झिलीला ती हद्दच हवी आहे. ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेनं हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे नेल्याला बरीच वर्षं झाली, आराखडे झाले, दोन्ही राज्यांना विचारणा झाली. पाण्याला राज्याची सीमा कळत नाही, फायलीला मात्र फार चांगली कळते. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार प्रत्येक राज्यात यासाठी प्राधिकरण आहे. दिल्लीनं आपला काठ जपायचा आणि हरियाणानं आपल्या बाजूला भराव होऊ द्यायचा, असं चालणार नाही. दोन्हीकडे मिळून एकच हद्द आखली गेली पाहिजे.

यात एक अवघड गाठ आहे, ती लपवून आवाहन करणं बरं नव्हे. पाण्याखालची बरीच जमीन हरियाणातल्या शेतकऱ्यांच्या नावावर आहे. त्यांचं पीक बुडतं, तेही शहरानं सोडलेल्या घाण पाण्यात. त्यांच्या बांधावर उभं राहून दुर्बिणीतून हंस पाहणारा शहरी माणूस त्यांना कसा दिसत असेल? म्हणून मागणी जोडीनंच करायला हवी. झिलीला संरक्षण द्या, आणि ज्यांची जमीन पाण्यात जाते त्यांना रास्त भरपाई किंवा दरवर्षीचं भाडं द्या. शिवाय गुरुग्रामचं पाणी शुद्ध होऊनच झिलीत यावं. जमिनीखालचं पाणी उपसून तळ गाठलेल्या त्या शहराला मुरणारं स्वच्छ पाणी नको आहे का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये साहित्य संमेलनासाठी तालकटोरा स्टेडियमवर लोटलेली आपण माणसं. गणपतीत नोएडापासून गुरुग्रामपर्यंत मंडळं उभी करतो. त्या मंडळांनी या हिवाळ्यात एक सहल झिलीवर काढावी. मुलांच्या हाती वही द्यावी, दिसलेला पक्षी, तारीख, जागा लिहायला सांगावं. ही नोंद ई-बर्डवर चढवा, कारण लवादापुढे भावना चालत नाहीत, नोंदी चालतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्या स्थानिक गटात नाव द्या. नवख्यांनाही तिथं सांभाळून घेतात. वारकरी आणि पाणकोंबडी यांत गोंधळ झाला तर कोणी हसत नाही.

आणि पत्रं लिहा. दिल्लीच्या पाणथळ प्राधिकरणाला एक, हरियाणाच्या एक, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला एक. हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, मंडळाच्या लेटरहेडवर लिहा. हद्द, सांडपाणी, शेतकऱ्यांची भरपाई, या तीनच गोष्टी, एका पानात. उत्तर आलं नाही तर महिन्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि पत्राचं काय झालं ते विचारा. गणनेच्या आधी पत्रं टपालात पडली, तर तिथं भेटल्यावर पोच कुणाकुणाला आली ते एकमेकांना विचारता येईल.