गणवेशाचे ६०० रुपये आणि जून महिन्याचा हिशेब

जीएसटी कमी झाला, कपडे स्वस्त झाले, अशा जाहिराती २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण पाहत आहोत. ग्रामीण मजुराच्या घरात मुलांच्या कपड्यांवरचा खर्च यामुळे किती कमी झाला? याचा विचार आकडे समोर ठेवून करायला हवा.

आधी १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के कर होता आणि त्यापुढे १२ टक्के. आता ५ टक्क्यांची मर्यादा २५०० रुपयांपर्यंत गेली. म्हणजे सवलत मिळाली ती हजार ते अडीच हजारांचा ड्रेस घेणाऱ्याला. आठवडी बाजारात दोन-तीनशेचा फ्रॉक किंवा हाफ पँट घेणाऱ्या आईबापांसाठी कर होता तेवढाच राहिला. फायदा झाला असेल तर तो चपला-बुटांवर. हजाराच्या आतील पादत्राणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला.

सरासरीमागे काय दडले आहे?

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत न धरता, देशात ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४१२२ रुपये आणि शहरात ६९९६ रुपये आहे. महाराष्ट्रात हेच आकडे ४१४५ आणि ७३६३ आहेत. म्हणजे 'प्रगत' म्हणवणाऱ्या राज्याचा ग्रामीण माणूस देशाच्या सरासरीपेक्षा जेमतेम २३ रुपये पुढे आहे, शहरी मात्र ३६७ रुपये.

कपडे, अंथरूण-पांघरूण आणि पादत्राणे यांचा ग्रामीण खर्चातील वाटा देशपातळीवर ६.६३ टक्के आहे. हिशेब केला तर माणशी महिन्याला साधारण २७३ रुपये. यातच म्हाताऱ्यांचे पांघरूण आले, बापाची चप्पल आली, पोरांचे कपडेही आले. अहवालाच्या मुख्य तक्त्यात मुलांच्या कपड्यांचा वेगळा रकाना नाही.

जातीचा फरकही दिसतो. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण अनुसूचित जातींचा दरडोई खर्च ३४७४ रुपये होता, तर 'इतर' गटाचा ४३९२. महिन्याला माणशी ९१८ रुपयांची ही तफावत आहे. पैसा कमी पडला की आधी कपडा मागे पडतो, कारण धान्य आणि औषध टाळता येत नाही.

खरी अडचण जूनमध्ये

राज्यात शाळा जूनमध्ये उघडतात. त्याच महिन्यात बी-बियाणे, खत, घराची डागडुजी असा खर्च उभा राहतो आणि शेतमजुराच्या हाताला काम लागायचे असते. म्हणून शासकीय गणवेश हा गरीब घराचा मोठा आधार आहे. पण समग्र शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी ६०० रुपये हा दर २०१८ पासून तोच आहे. कापड, शिलाई, बटणे सगळे ३०० रुपयांत बसवायचे.

२०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून खरेदी राज्यपातळीवर गेली आणि शिलाई बचत गटांकडे. १५ ऑगस्ट आला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. मधल्या काळात ज्यांना परवडले त्यांनी बाजारातून कपडे आणले, ज्यांना परवडले नाही त्यांची मुले जुन्या कपड्यांत शाळेत गेली. वर्गात कोण गरीब आहे हे त्यामुळे सगळ्यांना दिसले. ते दिसू नये यासाठीच तर गणवेश असतो.

आपण काय करायचे?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणीमान बदलायला आणि मुलामुलींना शिकवायला सांगितले. स्वच्छ, नीटनेटका कपडा आणि शाळा या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वाभिमानाशी जोडल्या.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतील पालक त्या समितीत आहेत का, हे आधी पाहा. मग तीन प्रश्न विचारा: गणवेशाचा निधी कोणत्या तारखेला आला, कापड कुठून घेतले, मुलांना कधी मिळाले? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

गणवेशाचा दर महागाईशी जोडा आणि निधी मे महिन्यातच द्या, या दोन मागण्या प्रत्येक तालुक्यातून गेल्या पाहिजेत. जयंतीला मुलांना नवे कपडे घेणारा आपला समाज आहे. तेवढीच काळजी शाळेच्या पहिल्या दिवसाचीही घेऊ या.