लॉरीवरचे सहा जण

रॉक संगीताच्या इतिहासात ६ जुलै १९५७ हा दिवस एका भेटीसाठी नोंदला गेला आहे. लिव्हरपूलच्या वूल्टन भागात, चर्चच्या जत्रेत, सोळा वर्षांच्या जॉन लेननला पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी भेटला. पुढचे सर्वांनाच ठाऊक आहे. मला मात्र त्या दिवशी लेननसोबत लॉरीवरून वाजवत निघालेल्या पाच मुलांविषयी बोलायचे आहे.

'क्वारीमेन' हे त्यांच्या बँडचे नाव. एरिक ग्रिफिथ्सकडे गिटार, रॉड डेव्हिसकडे बँजो, कॉलिन हँटनकडे ड्रम. लेन गॅरीचा बेस म्हणजे चहाचे रिकामे खोके, त्याला एक काठी आणि दोरी. पीट शॉटन तर कपडे घासण्याची पन्हळी पाटी वाजवी. यथावकाश पाचही जण बँडमधून गळाले आणि बीटल्सच्या चरित्रांतील पहिल्या प्रकरणापुरते उरले.

त्या संध्याकाळच्या गाण्यांची एक टेप १९९४ साली लिलावात ७८,५०० पौंडांना विकली गेली. ही किंमत अर्थातच लेननच्या आवाजाची. पण मित्रांनी मिळून केलेल्या संगीताचे मोल एकाच्या पुढील कीर्तीवरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते. हे पाच जण नसते, तर त्या दिवशी मॅकार्टनीने ऐकावे असे तिथे काय असते?

१९९७ मध्ये, चाळीस वर्षांनंतर, साठीकडे झुकलेले हे पाच मित्र वूल्टनमध्ये पुन्हा एकत्र येऊन वाजवू लागले. तोवर लेननला जाऊन सतरा वर्षे झाली होती. मिळवण्यासारखे काही उरलेले नसतानाही माणसे वाजवतात, तेव्हा ते संगीत त्यांचे स्वतःचे असते.