पोरे एकटी पाडली कोणी?

‘तुमचा मुलगा एकलकोंडा आहे, कुणात मिसळत नाही!’ पालकसभेत असा शेरा मारून मोकळे होणाऱ्यांना आमचा रोखठोक सवाल आहे: मिसळायचे कुणात आणि कुठे?

अशा एखाद्या पोराचा बाप परभणीकडचा, चाकणच्या कंपनीत कंत्राटी. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. आई तळवड्याला पॅकिंगला. देहूतल्या भाड्याच्या खोलीत पोर शाळेतून येते, गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून कुलूप उघडते आणि आतून कडी लावून बसते. तशी ताकीदच असते. वर्गात तोंडून ‘का’ऐवजी गावाकडचे ‘कामून’ निघाले की सगळी पोरे फिदीफिदी हसतात, म्हणून तिथेही ते गप्प. कसाबसा एक सवंगडी जोडावा, तोवर अकरा महिन्यांचा करार संपतो, भाडे वाढते आणि बिऱ्हाड निघते येलवाडीला, नाहीतर खालुंब्रेला. पुन्हा नवी शाळा, पुन्हा शेवटचा बाक!

आणि कायदा? 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाना कायदा पाळणाघराची सक्ती करत होता, पण तीसहून अधिक बायका कामावर असतील तिथेच आणि सहा वर्षांखालच्या मुलांपुरती. बापांना जणू पोरे नव्हतीच! भारताने 1992 साली स्वीकारलेल्या बालहक्क कराराच्या 31 व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान आहे. शाळा सुटली की त्याच मैदानाच्या फाटकाला कुलूप! मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून जमीनदलालांनी शेते गुंठ्यागुंठ्याने कापून विकली. 1089 चौरस फुटांत चार मजले, खाली दुचाक्या, मध्ये बोळ. विटीदांडू राहू द्या, गोट्यांची गलसुद्धा खणायला माती उरली नाही. ही उघड उघड चोरी आहे!

ज्येष्ठ वद्य सप्तमीला, तुकोबांच्या पालखीच्या प्रस्थानाला, इथे देहूत अनोळखी माणसे एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात. पालखी हलली की ‘त्या भाडेकरूंच्या पोरांत खेळायला जाऊ नकोस’ म्हणून दटावणारे आपणच! तुकोबांनी दांभिकांना कसे सोलून काढले, हे या गावाला आम्ही सांगावे?

शाळांची मैदाने अंधार पडेपर्यंत उघडी ठेवा, देखरेखीला पगारी माणूस नेमा. खोली बदलली तरी वर्ष संपेपर्यंत पोराची शाळा बदलू नये म्हणून बसची सोय करा. सीएसआरचा पैसा भिंती रंगवण्यात घालवणाऱ्या कंपन्यांनी तिचा खर्च उचलावा. पुढाऱ्यांनो, निधी नाही म्हणता? मग चौकाचौकांत तुमच्या वाढदिवसांचे फ्लेक्स कुणाच्या पैशाने लागतात, ते आधी सांगा!