एकट्या अपूवर किती ओझं

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका निकलोडियनवर २००५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या काल्पनिक जगात युरोप-अमेरिका शोधूनही सापडत नव्हती. कपडे, लिपी, युद्धकला, मठ, जेवणाच्या वाट्या, सगळं आशियाई. बर्फाळ प्रदेशातली कटारा आणि सोका ही भावंडं सावळी, आर्क्टिकमधल्या इन्यूइट लोकांवर बेतलेली. २०१० मध्ये एम. नाइट श्यामलन यांनी या मालिकेवर चित्रपट काढला आणि भावंडं एकदम गोरी झाली. चढाईखोर ‘फायर नेशन’मध्ये मात्र देव पटेल आणि मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी. दिग्दर्शक स्वतः पुदुच्चेरीच्या माहे गावी जन्मलेला, हा आणखी वेगळा विनोद. मालिकेच्या चाहत्यांनी चित्रपट येण्याआधीच ‘रेसबेंडिंग’ नावाची मोहीम उभारली होती. स्टुडिओला पत्रं गेली, बहिष्काराची हाक दिली गेली. मागणी साधी होती : मुळात जे आहे ते तसंच ठेवा. समीक्षकांनी पुढे चित्रपट यथेच्छ झोडपला आणि ‘गोल्डन रॅस्पबेरी’ या वाईटपणाच्या पुरस्कारांपैकी पाच त्याच्या पदरात पडले.

तेरा वर्षांनी हीच मागणी उलट्या बाजूने ऐकू आली. जानेवारी २०२३ मध्ये एचबीओ मॅक्सवर ‘व्हेल्मा’ आली. १९६९ पासून चालत आलेल्या ‘स्कूबी-डू’मधली चष्मेवाली, हुशार व्हेल्मा इथे दक्षिण आशियाई वंशाची झाली. तिला आवाज दिला मिंडी केलिंग यांनी. शॅगी कृष्णवर्णीय, डॅफ्नी पूर्व आशियाई. फ्रेड तेवढा गोरा राहिला, तोही टिंगलीसाठी. लगेच गदारोळ उठला : मूळ पात्रांना हात लावू नका! म्हणजे २०१० मध्ये मुळाशी इमान राखा म्हणणारे विविधतेच्या बाजूचे होते आणि २०२३ मध्ये तेच म्हणणारे बरेच जण विविधतेला वैतागलेले होते. मूळ कलाकृतीचं प्रेम दोन्हीकडे असेलही, पण भांडण तिच्यावरून नव्हतं.

खरं तर या दोन उदाहरणांत फरक आहे आणि तो कळायला फार अक्कल लागत नाही. कटारा आणि सोका यांचा रंग त्यांच्या जगातून आला आहे. तो पुसला की त्यांचं गाव, त्यांची बोटी हाकायची रीत, सगळंच उपरं वाटू लागतं. व्हेल्माच्या गोरेपणाने कथेत कधीच काही काम केलं नव्हतं. भुताचा मुखवटा ओढून आत कोण दडलंय हे सांगायला कोणताही वंश चालतो. तेव्हा बदलाला तत्त्वतः काही हरकत नव्हती. ‘व्हेल्मा’ बुडाली ती लेखनामुळे. पात्रं सतत स्वतःच्या वेगळेपणावर टोमणे मारत राहिली आणि मूळ मालिका आवडणाऱ्यालाच मूर्खात काढत राहिली. विविधतेचे विरोधक तिच्यावर तुटून पडले आणि समर्थकांनाही ती आपलीशी वाटेना. सुरुवातीला विक्रमी प्रेक्षक मिळूनही दोन हंगाम आणि एक हॅलोविन विशेष भाग एवढ्यावर २०२४ मध्ये ती आटोपली.

चाहत्यांच्या या भांडणांना समाजमाध्यमांमुळे जी धार आली आहे ती एका माणसाच्या कारकिर्दीत छान दिसते. हुआकिम दोस सांतोस. मूळ ‘अवतार’ मालिकेचे काही भाग त्यांनी दिग्दर्शित केले. पुढे ‘द लेजंड ऑफ कोरा’चे ते सहकार्यकारी निर्माते होते. डिसेंबर २०१४ मध्ये ती मालिका संपली ती कोरा आणि असामी या दोन तरुणी एकमेकींचा हात धरून दुसऱ्या जगात शिरतात या दृश्यावर. त्या प्रेमात आहेत का, हे पडद्यावर कुणी सांगितलं नाही. मालिकेच्या निर्मात्यांनी ते काही दिवसांनी लिहून जाहीर केलं. तेव्हा मुलांच्या वाहिनीवर याहून पुढे जायची सोय नव्हती आणि चाहत्यांच्या मोठ्या वर्गाने एवढ्यावरही दिवाळी साजरी केली.

चार वर्षांनी दोस सांतोस ‘व्होल्ट्रॉन : लेजंडरी डिफेंडर’ या मालिकेच्या प्रमुखांपैकी एक होते. शिरो या नायकाचा पूर्वी ॲडम नावाचा जोडीदार होता, अशी बातमी जुलै २०१८ मध्ये फुटली आणि कौतुकाचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये हंगाम आला. ॲडम दोन-चार दृश्यांत दिसला आणि युद्धात मारला गेला. समलिंगी पात्र दाखवायचं आणि लगोलग मारून टाकायचं ही अमेरिकी टीव्हीची जुनी खोड, त्यामुळे चाहते भडकले. दोस सांतोस यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. डिसेंबरच्या शेवटच्या हंगामात शिरोचं घाईघाईने लग्न लावून दिलं, तेही प्रेक्षकांना धड चेहराही आठवू नये अशा एका पुरुषाशी. राग शांत करायला उरकलेलं ते लग्न होतं आणि ते तसंच दिसलं. चाहत्यांचं मागणं गैर नव्हतं. पण ते ऐकून निर्मात्यांनी जे केलं त्याला लेखन म्हणत नाहीत.

चाहत्यांच्या या जगातला दुसरा कोपरा अधिक अंधारा आहे. रिबेका शुगर यांची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही कार्टून नेटवर्कची एकट्या स्त्रीने निर्माण केलेली पहिली मालिका. स्वर तिचा इतका मायाळू की खलनायकाचंही मन वळवायचं, त्याला ठार करायचं नाही. जुलै २०१८ मध्ये तिच्यात रूबी आणि सफायर यांचं लग्न झालं. त्यासाठी वाहिनीशी दीर्घकाळ झगडावं लागल्याचं शुगर यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. मात्र याच मालिकेच्या चाहत्यांमधल्या एका टोळीने २०१५ मध्ये चित्रं काढणाऱ्या एका तरुण चाहतीचा ऑनलाइन छळ मांडला. तिचे गुन्हे काय, तर तिने स्थूल पात्र बारीक काढलं, अमक्याचा रंग फिका केला. प्रकरण आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत गेलं आणि मालिकेच्या कलावंतांना जाहीरपणे चाहत्यांचे कान उपटावे लागले. समावेशकतेच्या नावाने एका मुलीला जगणं नकोसं करणाऱ्यांना त्या मालिकेतलं काय समजलं होतं, हे विचारायलाच हवं.

भारतीयांशी थेट नातं असलेलं प्रकरण अर्थात ‘द सिम्पसन्स’मधल्या अपूचं. अपू नहासापीमापेटिलॉन. आडनाव कोणत्याही भारतीय भाषेतलं नाही, नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून. १९९० मध्ये तो पहिल्यांदा ‘क्विक-ई-मार्ट’च्या गल्ल्यामागे दिसला. संगणकशास्त्रात पीएच.डी., तरी दुकानदार. पुढे मंजुळाशी लग्न आणि एकदम आठ बाळं. आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. त्या उच्चारांचा एक धागा १९६८ च्या ‘द पार्टी’ चित्रपटापर्यंत जातो, ज्यात पीटर सेलर्स यांनी चेहरा रंगवून भारतीय साकारला होता. म्हणजे नकलेची नक्कल.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेले विनोदवीर हरी कोंडाबोलू यांचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. शाळेच्या मैदानावर दक्षिण आशियाई पोरांना अपूच्या आवाजात ‘धन्यवाद, पुन्हा या’ म्हणून चिडवलं जाई, हे त्यात एकामागून एक कलाकार सांगतात. भारतात स्टार वर्ल्डवर ‘सिम्पसन्स’ पाहिलेल्या अनेकांना तेव्हा प्रश्न पडला : एवढं काय त्यात? प्रश्न समजण्यासारखा आहे. पुण्या-नागपुरात बसून अपू पाहणाऱ्याच्या आजूबाजूला हजार तऱ्हेचे भारतीय असतात, त्यातला एक अपू. ओहायोतल्या एखाद्या वर्गात एकुलत्या एक भारतीय मुलासाठी तीस मुलांच्या डोक्यात भारताचा एकच नमुना होता आणि तो गल्ल्यामागे उभा होता. गावात एकच न्हावी असला की सगळ्यांच्या डोक्यावर एकच कट दिसतो, तशातला हा प्रकार. दोष त्या एका पात्रात जितका होता, त्याहून जास्त त्याच्या एकटेपणात होता. अपूच्या त्याच स्प्रिंगफील्ड गावात स्कॉटिश माळी हास्यास्पद आहे, इटालियन स्वयंपाकी हास्यास्पद आहे, गोरा होमर तर सर्वांत मोठा मूर्ख आहे. पण गोऱ्यांना चॅनल बदलला की दुसरा गोरा माणूस सापडत होता.

आणि अपू वाईट लिहिलेला होता असंही नाही. १९९६ च्या एका भागात गाव स्थलांतरितांच्या मागे लागतं, तेव्हा अपूची नागरिकत्वाची धडपड आजही ताजी वाटते. २०१६ मध्ये तर मालिकेनेच त्याच्या पुतण्याला आणलं. त्याला आवाज दिला उत्कर्ष आंबुडकर यांनी आणि तो काकालाच तोंडावर साचेबद्ध म्हणतो. लेखकांना सगळं कळत होतं, हे त्यातून दिसतं.

म्हणूनच पुढचं वागणं जास्त खुपतं. एप्रिल २०१८ च्या भागात लिसा सिम्पसन, जी एरवी मालिकेची सदसद्विवेकबुद्धी असते, तिच्याच तोंडून लेखकांनी उत्तर दिलं : जे पूर्वी कौतुकाचं होतं ते आज चुकीचं ठरतं, करणार काय? शेजारी अपूचा फोटो. तीस वर्षं हुशारीवर जगलेल्या मालिकेचं हे उत्तर आळशी होतं. अझारिया मात्र बदलले. लेखकांच्या खोलीत भारतीय वंशाची माणसं हवीत, असं त्यांनी त्याच महिन्यात टीव्हीवर सांगितलं. २०२० मध्ये आवाज देणं थांबवलं, २०२१ मध्ये माफी मागितली. त्यानंतर अपू मालिकेत गर्दीत दिसतो, बोलत नाही. गंमत म्हणजे कोंडाबोलू यांनी त्याला हटवा असं कधी म्हटलंच नव्हतं; पात्र सुधारा, त्याच्या मुलांना, बायकोला गोष्टी द्या, हे त्यांचं म्हणणं होतं. चाहत्यांचा एक गट ओरडत राहिला की या माणसाने अपूला मारलं. प्रत्यक्षात लिहायचे कष्ट टाळून निर्मात्यांनी त्याला गप्प केलं.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये गोऱ्या नटांनी इतर वंशांच्या पात्रांचे आवाज सोडण्याची लाटच आली. ‘बिग माउथ’मधून जेनी स्लेट, ‘सेंट्रल पार्क’मधल्या मॉलीच्या भूमिकेतून क्रिस्टन बेल, ‘फॅमिली गाय’च्या क्लीव्हलंडवरून माइक हेन्री बाजूला झाले. नटाचं कामच मुळी आपण नसलेला माणूस होणं, हा आक्षेप ‘सिम्पसन्स’मधलेच आवाज-कलावंत हॅरी शीअरर यांनी नोंदवला आणि तो टाकाऊ नाही. ‘सिम्पसन्स’मधल्या दहा वर्षांच्या बार्टला गेली कित्येक दशकं नॅन्सी कार्टराइट या बाईंचा आवाज आहे आणि कुणाचं काही अडलेलं नाही. परंतु हा प्रश्न अभिनयाइतकाच रोजगाराचाही आहे. कृष्णवर्णीय किंवा भारतीय नटाला गोऱ्या पात्राचा आवाज सहसा मिळत नव्हता आणि स्वतःच्या वंशाचाही मिळत नव्हता. दरवाजा एकाच बाजूने उघडत असेल तर कलास्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान ऐकवण्यात फारसा अर्थ नाही. तरीही आवाज बदलणं हा स्वस्त उपाय आहे. संवाद तेच, लिहिणारे तेच, फक्त माइकसमोरचा माणूस नवा.

महाग उपाय कसा असतो ते मालिकेत नव्हे, चित्रपटात दिसलं. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ जून २०२३ मध्ये आला. तीन दिग्दर्शकांपैकी एक तेच दोस सांतोस. त्यातला पवित्र प्रभाकर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून झालेल्या ‘मुंबॅटन’चा रहिवासी. हे पात्र २००४ च्या कॉमिकमधलं, तेव्हा ते धोतर नेसून योग्याकडून शक्ती मिळवत असे. चित्रपटासाठी त्याचा आधीचा आराखडा चमूतल्या भारतीय वंशाच्या कलावंतांना खरा वाटला नाही आणि तो भाग नव्याने घडवला गेला, असं निर्मात्यांनी सांगितलं आहे. शहराच्या रंगरेषा आल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून. जंगलातल्या आदिवासींना वाचवणारा गोरा वेताळ याच अंकांतून मराठी घरांत पोहोचला होता. तीच चित्रशैली आता मुंबईच्या पोराच्या कामी आली.

पवित्र खोडकर आहे, केसांचा अभिमानी आहे, इंग्रजांनी लुटलेल्या वस्तूंवरून टोमणा मारतो. पण मुख्य म्हणजे तो एकटा नाही. गायत्री आहे, तिचे पोलीस वडील आहेत, रस्ताभर माणसं आहेत. सगळ्या भारताचं प्रतिनिधित्व त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नाही, म्हणून तो मोकळेपणाने उड्या मारतो. भारतात हा चित्रपट १० भाषांत प्रदर्शित झाला, त्यात मराठीही होती.

अमेरिकेतली ही भांडणं वाचून हसणाऱ्यांनी जून २०२० आठवून पाहावा. भीमने चुटकीला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं, या समजातून ‘छोटा भीम’च्या चाहत्यांनी चुटकीला न्याय द्या अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली. अखेर ग्रीन गोल्ड या हैदराबादच्या कंपनीला, ही सगळी अजून लहान मुलं आहेत, असा खुलासा करावा लागला. चाहते म्हणून आपणही काही कमी उत्साही नाही. मग २००८ पासून घराघरांत चाललेल्या त्याच मालिकेतल्या दांडगट, मारकुट्या पोराचं नाव कालिया का, आणि ते ऐकून सावळ्या मुलांना वर्गात कोणत्या नावाने हाक मारली जाते, हेही एकदा तितक्याच जोरात त्या कंपनीला विचारा.