घाट सर्वांचा, मग यंत्राची बुद्धी कोणाची?

वाराणसीत पंचगंगा घाटाजवळ बालाजी घाट आहे. अठराव्या शतकात मराठ्यांनी काशीत जे घाट बांधले, त्यांपैकी हा एक. तेथील बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. पायऱ्या उतरून गंगेत पाय बुडवणाऱ्याकडे येथे कोणी तिकीट मागत नाही. परंतु घाट एकदा बांधला म्हणजे काम संपले असे होत नाही. दर पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या बुडतात आणि पाणी ओसरले की गाळाचे थर मागे राहतात. सफाई कामगार तो गाळ उपसतात, तेव्हा कुठे घाट पुन्हा वापरता येतो. सार्वजनिक मालमत्ता कोणाच्या तरी पैशाने उभी राहते आणि कोणाच्या तरी श्रमाने टिकते, हे साधे सत्य आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात सांगण्याची वेळ आली आहे.

हा विषय कामगारांपासून दूरचा आहे, असे कोणी समजू नये. याच वाराणसीत, काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातील आयआयटीमध्ये, फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘परम शिवाय’ हा महासंगणक सुरू झाला. २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतून तो उभा राहिला आणि त्याची उभारणी सी-डॅकने केली. परदेशाने महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार करून दाखवणारी हीच ती सरकारी संस्था. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्याच नमो घाटावर काशी-तमिळ संगमम् झाले, तेव्हा पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या सरकारी भाषांतर प्रणालीमार्फत त्याच क्षणी तमिळमध्ये ऐकवले गेले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय’ मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता १०,३७१ कोटी ९२ लाख रुपये मंजूर केले. थोडक्यात, या यंत्राच्या बुद्धीमागे तुमच्या-आमच्या कराचा पैसा आहे.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही. संगणक आला तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये करार करून तो कोणत्या अटींवर येईल हे वाटाघाटीने ठरवले होते. आजही यंत्र येऊ द्यावे की नाही, हा प्रश्नच नाही. त्याच्या अटी कोण ठरवणार, एवढाच प्रश्न आहे.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाषा. यंत्राला मराठी शिकवायची तर मराठी माणसाची वाक्ये, उच्चार आणि भाषांतरे लागतात. ‘भाषिणी’ने त्यासाठी ‘भाषादान’ असा उपक्रम चालवला. नागरिकांनी वाक्ये वाचून आवाज द्यावा, इतरांनी केलेले काम तपासावे, असे आवाहन त्यात आहे. दान हा शब्द काशीला नवा नाही. पण आपले दान कोणाच्या पदरात पडते, हे विचारण्याचा अधिकार दात्याला असतो. लोकांनी फुकट दिलेला आवाज उद्या एखाद्या कंपनीच्या सेवेत वापरला गेला आणि त्याच सेवेने कॉल सेंटरमधल्या मुलीची नोकरी घेतली, तर त्या दानाला काय म्हणायचे? आकाशवाणीचा ध्वनिसंग्रह, सरकारी ग्रंथालयातली पुस्तके आणि बनारसी विणकरांचे नमुने यांनाही हाच प्रश्न लागू आहे. शिवाय चित्रांवर खुणा करणारे, ध्वनिफिती उतरवून काढणारे, यंत्राच्या चुका दुरुस्त करणारे हजारो हात या धंद्यात तुकड्यावर राबतात. त्यांना आपला मालक कोण, हेही अनेकदा ठाऊक नसते.

यावर काही जण म्हणतात, सगळे खुले करा म्हणजे प्रश्न सुटेल. खुलेपणा हवाच. मद्रास आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ने २०२३ मध्ये २२ भारतीय भाषांचे भाषांतर करणारी प्रणाली सर्वांना खुली केली, हे मोलाचे काम आहे. पण खुले म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा खुल्या आज्ञावलीत कोणीतरी चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. जगभरातल्या संगणकांत वापरली जाणारी ही आज्ञावली अनेक वर्षे एकच माणूस विनावेतन सांभाळत होता. थकलेल्या त्या माणसाचा विश्वास संपादन करूनच घात झाला. गाळ उपसणाऱ्याला मजुरी दिली नाही, तर पायरीवर कोणीतरी घसरणारच. जर्मनीने २०२२ मध्ये अशा खुल्या आज्ञावलींच्या देखभालीसाठी स्वतंत्र सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडे उद्‌घाटनाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही.

आता कारभाराचा प्रश्न. ‘इंडिया एआय’ मोहीम मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उभी राहिली, त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. तिची अंमलबजावणी डिजिटल इंडिया महामंडळाखालील एका ‘स्वतंत्र व्यवसाय विभागा’कडे आहे. पैसा जनतेचा, भाषा जनतेची आणि कारभार व्यवसाय विभागाचा, हे आम्हांला मान्य नाही.

यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. आज या मालकाची गोणी, उद्या त्या मालकाची, अशा हमालाला कोणीच आपला म्हणत नव्हते. कायद्याने मंडळे आली. त्यांत मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी आणि जोडीला सरकार. मजुरी मंडळात जमा होते आणि तिच्यावरच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची सोय होते. ही मंडळे निर्दोष आहेत असा आमचा दावा नाही. मालकांनी थकवलेली लेव्ही आणि माथाडीच्या नावाखाली काही गुंडांनी चालवलेली खंडणीखोरी, दोन्ही आम्ही जाणतो. तरीही ज्याला मालक नाही त्याच्यासाठी निधीही उभारता येतो आणि त्या निधीच्या कारभारात कामगाराला कायद्याने खुर्चीही देता येते, हे या कायद्याने सिद्ध केले आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सार्वजनिक पैशातून तयार होणारी भाषिक सामग्री आणि प्रणाली सार्वजनिक मालकीचीच राहावी. तिचा व्यापारी वापर करणाऱ्या कंपन्यांकडून लेव्ही घ्यावी आणि तिच्यातून देखभालीचा कायम निधी उभारावा. शिक्षक, विद्यार्थी, सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांना ती विनामूल्य मिळावी. डेटाच्या कामावरील प्रत्येकाला किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. आणि या सर्वांवर संसदेच्या कायद्याने मंडळ नेमून त्यात कामगारांना आणि भाषिक समाजांना जागा द्यावी.

संलग्न संघटनांनी आपापल्या कारखान्यात, कार्यालयात आणि बँकेत ही यंत्रणा कोठे शिरली आहे याची नोंद घ्यावी आणि पुढील मागणीपत्रात हा विषय समाविष्ट करावा. बालाजी घाट ज्यांनी बांधला त्यांचे राज्य गेले, पण घाट लोकांकडे राहिला. या नव्या घाटावर फाटक बसण्याआधी आपण तेथे उभे राहिले पाहिजे.