अमेलीची इमली

दादाला मुलगी झाली, आणि तिसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांची यादी येऊन पडली. सगळी नावं फ्रेंच. अमेली, क्लोए, एलोडी, झोए, जाद. दादा-वहिनी पुण्यात नोकरीला असतात. वहिनी शाळेत दोन वर्षं फ्रेंच शिकलेली. खाली तिनं लिहिलं होतं, "छोटी आहेत, गोड आहेत, आणि ख्रिस्ती पण आहेत. सगळ्यांनी आपापली पसंती कळवा."

इकडे बालाघाटला बाबांनी यादी मोठ्यानं वाचली. आजी मेथी निवडत बसली होती. हातातली जुडी खाली ठेवून तिनं विचारलं, "पोरीचं नाव इमली ठेवून राहिले का?"

आम्ही सगळे खो-खो हसलो. आजी हसली नाही. तिनं खरंच विचारलं होतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून मंडळाच्या या अंकात तोच मांडते आहे.

आधी एक सांगून टाकते, फ्रेंच नावांशी माझं भांडण नाही. असतं तर आधी आजीशीच भांडावं लागलं असतं. आजीचं नाव तेरेजा. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मठात राहून अवघ्या चोविसाव्या वर्षी वारलेली तेरेज १९२५ साली संत म्हणून जाहीर झाली आणि तिचं नाव जगभरच्या ख्रिस्ती घरांत पोचलं. मदर तेरेसांनीही आपलं नाव तिच्यावरूनच घेतलं. आमच्या आजीपर्यंत ते येता येता 'तेरेज'चं 'तेरेजा' झालं, शेजारपाजारात 'तेरजाबाई' झालं, आणि आजोबांच्या तोंडी नुसतं 'तेरजे' उरलं. आपलं नाव फ्रेंच आहे हे आजीला मी या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "असंल. मला तर आईनं ठेवलं."

लूर्दची बर्नाडेट तशीच. विन्सेंट द पॉलही तसाच. आणि फ्रान्सिस! या नावाचा मूळ अर्थच 'फ्रेंच माणूस'. असिसीच्या संताचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं होतं. फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या वडिलांनी त्याला लाडानं फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली. आपल्या भागात हे नाव रुजलं त्यात फ्रान्सिस द सेल्स या दुसऱ्या संताचाही वाटा आहे. त्याच्या नावाचा संघ १८३८ साली सॅव्हॉय प्रांतातल्या आनसी इथे सुरू झाला. त्याचे धर्मगुरू समुद्रमार्गे विशाखापट्टणमला आणि तिथून कामठी-नागपूरपर्यंत आले. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज याच संताच्या नावाचं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं आणि बालाघाट इकडे राहिलं, पण त्याआधी नागपूरच आपली राजधानी होती. तेव्हा फ्रेंच नाव आपल्याकडे मोबाइलमधून पहिल्यांदा येतंय असं काही नाही. ते आधीही आलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा ते माणसांबरोबर आलं आणि माणसांच्या तोंडात मुरलं.

माझी खरी हरकत वहिनीच्या एका वाक्याला आहे: "ख्रिस्ती पण आहेत." म्हणजे मराठी नाव ख्रिस्ती नाही का? ही समजूत आपल्यात इतकी घट्ट बसली आहे, की 'तुझं ख्रिस्ती नाव काय?' असं विचारलं की आपण आपोआप परदेशी नाव सांगतो.

या समजुतीला कारण आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात धर्मगुरूनं मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल असं पाहावं, आणि पालक ऐकेनात तर त्यांच्या नावाला एखाद्या संताचं नाव जोडून दोन्ही नोंदवहीत लिहावीत, असा नियम होता. पण १९८३च्या नव्या कायद्यात तो राहिला नाही. आता एवढंच म्हटलं आहे, की ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव देऊ नये. करुणा, आशा, शांती, प्रकाश, आनंद यातलं कोणतं नाव ख्रिस्ती भावनेला परकं आहे, सांगा बरं?

प्रॉटेस्टंट मंडळींनी तर हे कधीच करून दाखवलंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. नारायण हे नारायणच राहिले आणि लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. 'स्मृतिचित्रे' लिहिणारी बाई त्याच नावानं मराठीत अमर झाली. नाव तेच राहिलं म्हणून दोघांच्या श्रद्धेत काही कमी पडलं, असं आजवर कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता ज्यांची नावं आपण घेतो, त्या फ्रान्सचंही थोडं बघू. तिथे १८०३च्या कायद्यानं मुलांची नावं पंचांगातल्या संतांची किंवा प्राचीन इतिहासातलीच असावीत असं बंधन होतं. ब्रिटनी प्रांतातल्या लोकांना आपल्या ब्रेतॉन भाषेतली नावं ठेवायची तर कचेरीत नकार मिळे. १९६६च्या परिपत्रकानं थोडी ढील दिली, आणि पूर्ण मोकळीक मिळाली ती १९९३ला. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९९१च्या आगेमागे, फ्रान्समध्ये मुलांचं सगळ्यात जास्त ठेवलं जाणारं नाव कोणतं होतं? केव्हिन! मूळ आयरिश, पण आलेलं अमेरिकन सिनेमा-टीव्हीतून. पुढे त्या नावाची तिथे टिंगल सुरू झाली आणि त्या पोरांना ती निमूट सोसावी लागली. म्हणजे आपण त्यांच्याकडून अमेली आणतोय, ते तिकडून केव्हिन आणत होते. दूरचं नाव सगळ्यांनाच गोड लागतं. त्याची किंमत मात्र पोर मोठं झाल्यावर भरतं.

ब्रिटनीतलीच आणखी एक गोष्ट. एका जोडप्यानं मुलाचं नाव 'फाँश' ठेवलं. ब्रेतॉनमध्ये ते लिहिताना एका अक्षराच्या डोक्यावर लहानशी नागमोडी रेघ येते. फ्रेंच लिपीत ही रेघ नाही, म्हणून २०१७ साली खालच्या न्यायालयानं ती नाकारली. आईबाप वर गेले आणि २०१८ साली रेनच्या न्यायालयात जिंकले. एका रेघेसाठी एवढं!

आणि आपण? माझं आडनाव साळवे. पहिलीच्या दाखल्यावर ते 'सालवे' झालं, कारण लिहिणाऱ्याच्या हिंदी वर्णमालेत ळ नव्हता. गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक, सगळीकडे मी सालवे. या जिल्ह्यातल्या किती काळ्यांचे 'काले' आणि किती कांबळ्यांचे 'काम्बले' झाले असतील! लिपी तीच, देवनागरीच, तरी आमचं अक्षर गळालं आणि घरात कोणी हूं की चूं केलं नाही. बाबा म्हणाले, "चालतंय." मीही तेच म्हणत आले. फाँशच्या आईबापांची गोष्ट वाचली त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. जे आडनाव वाचवायला आम्ही एक अर्ज केला नाही, त्याच्या पुढे आता परदेशातून निवडून आणलेलं नाव लावायचं, आणि ते मात्र 'जाद' असंच उच्चारा म्हणून जगाला बजावायचं. रोमन लिपीत ते नाव इंग्रजी वाचणारा 'जेड' वाचेल. आणि आपल्या शाळेतली पोरं? ती पहिल्याच दिवशी 'जाडे' म्हणून हाक मारतील, मग पोरगी कितीही काडी असो.

म्हणून माझं मत असं. नाव कुठल्याही भाषेतलं घ्या, पण तीन जागी वाजवून घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात ते बसतं का? आपल्या लिपीत ते एकाच तऱ्हेनं लिहिता येतं का? आणि वर्गातल्या हजेरीत ते ऐकून मुलाला मान खाली घालावी लागणार नाही ना? घाई करायचं कारण नाही. जन्माची नोंद नावाशिवायही होते. १९६९च्या कायद्याप्रमाणे नाव नंतर भरता येतं, आणि पहिल्या वर्षात भरलं तर त्याला शुल्कही लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून पुढच्या कितीतरी कामांना हाच दाखला आधार धरला जाणार आहे. तेव्हा त्यावर जे लिहू ते ळ-ण तपासून, नीट वाचून लिहावं.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो जरा चिडला. "आजी वर्षातून दोनदा भेटणार, तिच्या जिभेवर नाव ठरवायचं का?" त्याचंही खोटं नाही. आईबाप ते आहेत, हक्क त्यांचा. मी एवढंच म्हटलं, की आजी दोनदाच भेटणार आहे, म्हणून तर तिला ते दोन्ही वेळा हाक मारता यायला हवी.

फोन ठेवला तर आजी ओट्याशी उभी राहून हळूच म्हणत होती, "अ-मे-ली. अ-मी-ली. इमली." मग स्वतःवरच चिडून गप्प झाली.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर आहे, इथेच, बालाघाटला. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे.