म्हैसमाळचा घाट आणि परतीची वेळ

पाऊस ओसरला की छत्रपती संभाजीनगरचे सायकलस्वार खुलताबादमार्गे म्हैसमाळकडे वळतात. काहींचा बेत पुढे गौताळ्यापर्यंत जातो. गिअर, टायर, पंक्चरचे सामान सगळे तपासले जाते. मागे कधी फिरायचे, हे मात्र कोणी ठरवत नाही.

पेडल मारताना स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो. उरलेल्याची उष्णता होते. सपाट रस्त्यावर वारा ती काढून नेतो. म्हैसमाळ शहरापेक्षा सुमारे ५०० मीटर उंच. घाटात वेग चालण्याइतका उतरतो, वारा लागत नाही, घाम वाळत नाही आणि अंग तापत जाते. ऑक्टोबरच्या उन्हात अकरानंतर हा चढ सुरू करणे निव्वळ अविचार. ठरल्या वेळेला माथा आला नाही, तर असू तिथून वळायचे, हे घरीच ठरवावे. तापलेल्या डोक्याने तो निर्णय नीट होत नाही.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. घामापेक्षा जास्त पाणी तासन्‌तास ढोसल्यास रक्तातील सोडियम घसरते, तेही जिवावर बेतू शकते. सोबत ओआरएस असावे. महागड्या भुकट्या लागत नाहीत.

सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात समजून त्याला सावलीत आडवे करावे. आधी अंगावर पाणी ओतून वारा घालायला लागावे, दुसऱ्याने १०८ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. त्यासाठी प्रत्येकाने एक भरलेली बाटली शेवटपर्यंत राखून ठेवावी.